उजेडाचा दाजी

पेणहून गडबकडे जाताना मधेच हायवे सोडून पश्चिमेला वळलं की भाताची खाचरं सपाट होत जातात, झाडं ठेंगणी होतात, आणि जमीन कुठे संपली नि खाडी कुठे लागली हे गावच्या माणसालाही नेमकं सांगता येत नाही. मोठेखार तिथे आहे. हौसा म्हात्रे त्याच गावात जन्मली आणि त्याच गावात नांदायला गेली, एका आळीतून दुसऱ्या आळीत. आज तिचं वय छप्पन्न. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं ती पोरांचा भात शिजवते आहे. पोरं तिला मावशी म्हणतात. काहींचे आईबापही मावशीच म्हणतात, कारण तेही तिच्याच हातची खिचडी खाऊन मोठे झाले.

हौसा स्वतः शाळेत कधी गेली नाही. पण शाळेची प्रार्थना तिला सहाव्या वर्षापासून पाठ होती.

तेव्हा गावाला मिठागरं होती. आई, बाप, थोरला भाऊ आणि ती, चौघं तांबडं फुटायच्या आत आगरात उतरत. बांधांनी आखलेले पाण्याचे चौकोन दूरवर पसरलेले, आणि प्रत्येक चौकोनात आभाळाचा एकेक तुकडा. पायाखाली गार चिखल, अंगाभोवती पातळ धुकं. लाकडी फावड्यानं मीठ ओढता ओढता हौसाला वाटायचं, आपण आभाळच ओढतोय आणि त्याचे पांढरे ढीग बांधावर लावतोय. अशा वेळी पलीकडच्या बांधाजवळच्या शाळेतून आवाज येई. एकच कौलारू खोली, चाळीसएक पोरं. त्यांचा आवाज पाण्यावरून सरकत येताना ओला होई, निम्मा वाऱ्यात विरे, आणि उरलेला हौसाच्या कानाशी पोचे.

ती प्रार्थना कुठल्या पुस्तकातली नव्हती. शाळेचे पहिले शिक्षक गुणाजी मास्तर, त्यांनी ती स्वतः जुळवलेली. 'उजेडाच्या दारी आलो, लेकरे तुझी सारी' अशी तिची पहिली ओळ. वाऱ्यानं त्यातलं एक अक्षर बदलून टाकलं. हौसाला ऐकू आलं ते असं, 'उजेडाच्या दाजी, आलो, लेकरे तुझी सारी.'

त्या गावात वडीलधाऱ्या पुरुषाला दाजी म्हणायची पद्धत. तेव्हा हौसानं साहजिकच धरलं की उजेडाचाही कुणी दाजी असणार.

"आये, उजेडाचा दाजी कोन गो?" तिनं एकदा विचारलं.

"कोनचा दाजी? हात चालव. ऊन चढतंय."

आईला माहीत नाही म्हटल्यावर हौसानं तो आपला आपण ठरवला. किडकिडीत म्हातारा. गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग, हातात काठी. तो रोज पहाटे बांधावरून चालत येतो आणि पाण्याच्या एकेका चौकोनाला काठी लावत जातो. काठी लागली की तो चौकोन पेटल्यासारखा लखलखतो. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. खरोखरच सूर्य वर येताना चौकोन असेच एकामागून एक उजळत, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. एखाद्या दिवशी धुकं दाट असलं, उजेड यायला उशीर झाला, तर हौसा मनात म्हणे, आज दाजीचं गुडघं दुखत असणार.

अठराव्या वर्षी तिचं काळुरामशी लग्न झालं. पुढे एका मोठ्या उधाणात बाहेरचा बांध फुटला, मिठागरं गेली, आणि काळुराम रोह्याच्या एका कंपनीत ठेक्यावर लागला. शिफ्ट संपवून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना कसलासा तिखट वास यायचा. मुलगी झाली, सुरभी. जाऊ बाळंतपणात गेली तेव्हा तिचा चार दिवसांचा हरेशही हौसाच्याच पदरात आला. या सगळ्यात देवाचं जे जे करायचं ते तिनं केलं. देव्हाऱ्यातले टाक उजळले, गौरी आणल्या, गणपतीला दहा माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकला. दाजी मात्र निराळा. त्याला फूल नको, नैवेद्य नको. पोराला ताप चढला की ती पदरानं त्याला वारा घालता घालता नुसतं म्हणायची, "दाजी, बघ रं बाबा." आणि बघणारा कुणीतरी आहे, एवढं वाटून तिचा हात पुन्हा चालू लागायचा.

अडतिसाव्या वर्षी तिला शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं. पहिल्या दिवशी ती पत्र्याच्या शेडमध्ये तांदूळ निवडत बसली होती आणि वीस पावलांवर पोरांनी प्रार्थना सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रार्थना तिनं कोरडी ऐकली, मधे पाणी नाही, वारा नाही. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. मधल्या सुट्टीत तिनं एका चौथीतल्या पोरीला भिंतीवर रंगवलेली प्रार्थना वाचायला लावली.

"दारी, मावशी. दार नाय का आपलं, दरवाजा? त्याच्या दारी."

"दाजी नाय?"

"दाजी कशाला असंल?"

हौसाला आधी हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. बत्तीस वर्षं ती एका अक्षराची पूजा करत होती. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही, काळुरामलाही नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुरू झाली तेव्हा ती मनातल्या मनात जुनंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या माणसाला आता बाहेर कसं काढायचं?

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. शाळेला स्लॅब पडला. हरेश मोठा झाला, काळुरामच्या ओळखीनं त्याच रोह्याच्या कंपनीत लागला आणि गावच्या मंडळाचा अध्यक्षही झाला. मंडळानं शाळेला सरस्वतीची मोठी तसबीर दिली. हरेशनं स्वतः ती पेणहून टेम्पोत, मांडीवर धरून आणली. तेव्हापासून परिपाठ तसबिरीसमोर होऊ लागला, पोरं हात जोडून डोळे मिटू लागली, आणि गुणाजी मास्तरांच्या प्रार्थनेआधी सरस्वतीचा श्लोक आला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. हौसालाही नाही. तसबिरीच्या काचेवरची धूळ तीच पुसायची.

दोन वर्षांपूर्वी गावच्या उपकेंद्रात ऋतुजा नावाच्या नर्सबाई बदलून आल्या. त्यांची मुलगी भूमिका तिसरीत दाखल झाली. आठवडाभरानं बाई शाळेत आल्या आणि मुख्याध्यापक आदेश सरांसमोर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "सर, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरी मूर्तीपुढे हात जोडत नाहीत. भूमिका रांगेत उभी राहील, राष्ट्रगीत म्हणेल, तुमची ती उजेडाची प्रार्थनाही म्हणेल. ती तिला आवडते. फक्त श्लोक म्हणणार नाही आणि तसबिरीला हात जोडणार नाही. एवढं चालवून घ्या."

आदेश सर रोह्याचे, तरुण, भिडस्त. ते हो म्हणाले. पण हे त्यांनी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकाबाईंना सांगायचं राहून गेलं. सर तालुक्याला मीटिंगला गेले त्या दिवशी या शिक्षिकाबाईंनी भूमिकाला हात खाली सोडून उभी पाहिलं आणि म्हटलं, "हात जोडायचे नसतील तर रांगेबाहेर हो." पोरगी रांगेबाहेर झाली. अख्खा परिपाठ ती एकटी उन्हात उभी राहिली. हौसानं शेडमधून पाहिलं. उठावं असं तिला वाटलं, पण चुलीवर डाळ होती आणि समोर बाई शिकलेल्या होत्या. ती उठली नाही. हे तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

ऋतुजाबाईंनी मग लेखी अर्ज दिला. सरकारी शाळेत कुठल्याही मुलाला पूजेची सक्ती करता येत नाही, असं त्यात होतं. अर्जाची बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली, आणि दुसऱ्या सकाळी हरेश चारपाच जणांना घेऊन शाळेत आला.

"ही शाळा आमच्या आज्यानं खांद्यावर दगड वाहून बांधली," तो आदेश सरांना म्हणाला. "सरस्वती म्हंजे विद्या. तिला हात जोडले तर कुनाचं काय जातंय? एका घरासाठी आख्ख्या गावानं आपली रीत सोडायची? तसबीर हलली तर उद्यापासून आमी रोज आरतीच करू."

सर घाबरले. वरून पत्र येईपर्यंत श्लोक बंद, प्रार्थनाही बंद, असं त्यांनी जाहीर केलं. राष्ट्रगीत झालं की पोरांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि वर्गात जायचं.

मोठेखारच्या सकाळी अशा रिकाम्या झाल्या.

पहिले काही दिवस पोरं चुळबुळली, खोकली, एकमेकांना चिमटे काढून हसली. मग हळूहळू ती दोन मिनिटं त्यांना सवयीची झाली. हौसा शेडच्या दारात परात मांडीवर घेऊन बसलेली असे आणि एरवी प्रार्थनेखाली दडून जाणारं सगळं तिच्या कानावर येई. खाडीकडून टिटवी ओरडे. कुठेतरी पंपाची धडधड. भरती चढत असेल तर बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, उघाडीच्या फळ्यांतून पाणी आत शिरल्याचा बारीक खळखळाट. समोर साठ पोरं खांब रोवल्यासारखी उभी, त्यांच्या सावल्या एकाच बाजूला लांब पडलेल्या, आणि वर पांढरं, अजून न तापलेलं ऊन. हौसाला वाटे, आपण पुन्हा आगरात उभ्या आहोत, सगळे चौकोन भरून तयार आहेत आणि पलीकडून आवाज यायची वाट बघताहेत. तो येत नसे. दोन मिनिटं संपत. पोरं पाय ओढत आत जात आणि ती परातीतले खडे निवडू लागे, पण बोटांना खडा आणि तांदूळ यांतला फरकच कळत नसे.

जेवणाच्या वेळी तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. पंगतीत भूमिकाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही. कुणी काही बोलत नसे, कुणी तिला ढकलत नसे, नुसती जागा मोकळी राही. तिसऱ्या दिवशी हौसानं आपली ताटली घेतली आणि त्या मोकळ्या जागेत फतकल मारून बसली.

भूमिका बराच वेळ भात चिवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, माझ्यामुळे प्रार्थना बंद झाली का?"

"कोन म्हनतं?"

"सगळे. मला ती आवडायची. मी फक्त हात जोडत नव्हते."

हौसानं आपली ताटली बाजूला सारली. मग जे तिनं संसाराच्या इतक्या वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते त्या आठ वर्षांच्या पोरीला सांगून टाकलं. मिठागर, वारा, चुकलेलं अक्षर, बांधावरून चालणारा म्हातारा, सगळं.

भूमिकानं डोळे मोठे केले. "तो बोलतो?"

"नाय. चालतो नुसता."

"त्याचा धर्म कुठला?"

"मी कंदी इचारला नाय. त्यानं बी मना कंदी इचारला नाय."

पोरगी हसली आणि भात खाऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या एका बाजूला चौथीतली एक मुलगी येऊन बसली. दाजीची गोष्ट तिलाही ऐकायची होती.

महिन्याभरानं पेणहून केंद्रप्रमुख आले. शाळा व्यवस्थापन समितीची सभा व्हरांड्यात भरली, पण आलं अर्धं गाव. हरेश बोलला, आणि चांगलं बोलला. आपल्या रीतीभाती शाळेतूनच गेल्या तर पोरांना त्या कुठे मिळणार, टीव्हीत? त्याचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता हे त्याला वाढवणारी हौसा ओळखत होती. मग ऋतुजाबाई बोलल्या. "तुमची रीत मोडावी असं मला वाटत नाही. तुम्ही घरी, देवळात, मंडळात करता, मीही प्रसाद घेते. पण शाळेत माझ्या मुलीनं काय करावं? रोज सकाळी तिनं दोनातलं एक निवडायचं, आई खोटी की रांग खोटी. आठ वर्षांच्या मुलीला हे जड होतं हो."

दोन्हीकडून आवाज चढले. केंद्रप्रमुख हात वर करून बसा बसा म्हणत राहिले. आणि व्हरांड्याच्या टोकाशी चहाचे पेले मांडत असलेली हौसा म्हणाली, "साहेब, मना एक सांगाचं हाय."

सगळे वळून बघू लागले. काळुरामही. बायको चारचौघांत बोलल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

हौसानं पदर खोचला आणि दाजीची गोष्ट सांगितली. सांगताना तिचं लक्ष पेल्यांकडे होतं. चुकीच्या अक्षराशी ती आली तेव्हा बायका खुदकन हसल्या, मग पुरुष, मग सगळा व्हरांडा हसला. तीही हसली. हसणं ओसरल्यावर ती पुढे बोलली.

"मी शालेच्या भायेर होती. आमाला आत कोन घेनार? मिठातली पोर. पर ती पारथना मना पोचली. मंग मना सांगा, माजं हात तवा कुठं जोडलेलं व्हतं? माज्या हातान फावडं व्हतं. पाय चिखलान. अंगाव धड फडका नाय. माजी पारथना झाली का नाय झाली?"

तिनं हातातला पेला खाली ठेवला.

"या पोरीला उन्हान एकली उभी केली तवा मी बघत व्हती. मी उठली नाय. ते माजं चुकलं." ती हरेशकडे वळली. "आन तू, बाबा. तुज्या आयेच्या माघारी तू तापानं फणफणलास, तवा मी ज्याचं नाव घेतलं तो हाच. चुकीच्या अक्षराचा. तू बरा झालास. आता काय म्हनतोस, तो आपला नव्हं?"

हरेशनं मान खाली घातली आणि तो उठून निघून गेला. चप्पल पायात नीट सरकवायलाही तो थांबला नाही.

सभेत ठरलं ते असं. परिपाठात राष्ट्रगीत, संविधानाची उद्देशिका आणि गुणाजी मास्तरांची प्रार्थना. श्लोक नाही. हात जोडायचे की खाली सोडायचे हे ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि कुणालाही रांगेबाहेर काढायचं नाही. तसबिरीवरून मात्र एकमत झालं नाही. मंडळानं ती परत नेली आणि आपल्या खोलीत लावली. काही घरं यावर वर्षभर धुसफुसत राहिली. दोघांनी तर पोरं काढून गडबच्या शाळेत घातली. ऋतुजाबाईंनाही सगळं मनासारखं झालं असं वाटलं नाही. त्यांच्या उपकेंद्रात लस टोचायला येणाऱ्या काही बायका अजून नजर चुकवत होत्या.

हरेश हौसाच्या घरी यायचा बंद झाला. रस्त्यात दिसला तर मोटरसायकलचा वेग वाढवायचा. गणपतीत तो पाया पडायला आला नाही, तेव्हा हौसानं त्याच्या वाटणीचे मोदक दोन दिवस झाकून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी शाळेत नेऊन पोरांना वाटले. काळुराम म्हणाला, "तू गप बसली असतीस तर?" ती म्हणाली, "एकदा बसली होती ना."

यंदा उन्हाळ्यात ऋतुजाबाईंची बदली रोह्याला झाली. त्यांनी रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात पुलाजवळ खोली घेतली. जाताना भूमिका शेडमध्ये आली, हौसाच्या कमरेला मिठी मारली आणि पळाली. नंतर कितीतरी दिवस सकाळच्या रांगेत ती दिसत नाही हे हौसाच्या ध्यानातच येत नसे. नजर आपोआप त्या जागेवर जाई, तिथे दुसरीच कुणी पोरगी उभी असे, आणि क्षणभर तीच भूमिका वाटे.

मग दिवाळीनंतर एका दुपारी अंगणात मोटरसायकल थांबली. हौसा कैरीच्या जुन्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवत होती. हरेश दारात उभा, हातात दोरीनं बांधलेला हातभर लांबीचा जिताडा मासा. त्या भागात माणूस मानाचा असल्याशिवाय त्याच्या घरी जिताडा देत नाहीत.

"तलावातला हाय," तो म्हणाला. "आज सकाळीच धरला."

"ये. बस."

तो ओटीवर बसला. हौसानं मासा साफ केला, तुकड्या केल्या, वाटण वाटलं. दोघं सभेबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्याचा पोरगा यंदा पहिलीत गेला होता, पाटी फोडली म्हणाला. कंपनीत सध्या दुसरी शिफ्ट आहे म्हणाला. त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या, पाचवीला नको म्हणाला, आणि ती तिनं वाढल्यावर तीही खाल्ली.

हात धुताना तो पाठमोरा म्हणाला, "नर्सबाईंना जिताडा आवडायचा म्हनत होत्या एकदा. उपकेंद्रान."

हौसा थांबली. "तू रोज अष्टमीवरनंच जातोस ना रं?"

"जातो."

"मंग एक डबा नेशील?"

हरेश बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिला. बाहेर ऊन कलत होतं आणि ओटीवरच्या कोंबड्या निवांत माती उकरत होत्या.

"घट्ट झाकनाचा दे," तो शेवटी म्हणाला. "मागच्या वेळी तुजा डबा गळून माजी बॅग बरबटली होती."

हौसा आत गेली. माळ्यावरचा स्टीलचा डबा तिनं काढला, झाकण दोनदा फिरवून पाहिलं. पोटाकडच्या चार तुकड्या निवडून भरल्या, वर रस्सा ओतला. डोक्याकडचा भाग तिनं पातेल्यातच ठेवला, तो काळुरामला आवडतो.